लाल टाक्याचे मोजे

तिला सगळे इस्त्रीताई म्हणत. निम्मे लोक ती लाँड्रीत काम करते म्हणून, आणि निम्म्यांनी तिच्या जिभेचा चटका कधी ना कधी खाल्लेला होता म्हणून.

लाँड्री म्हणजे एक लांबुळकी खोली. मागच्या भिंतीला धुलाईची दोन मशिनं. त्यांतलं एक कपडे पिळायला लागलं की थरथरत पुढं चालत यायचं. मग ती कमरेचा धक्का देऊन त्याला जागेवर बसवायची आणि वर सुनवायची, "चल मागं! गिऱ्हाइकाच्या अंगावर येतोस का?" खिडकीवरून वाफेचा पाइप गेलेला, त्याच्याखाली इस्त्रीचं टेबल. टेबलावरची चादर मधोमध करपून तपकिरी झालेली. आणि टेबलाच्या खणात रंगीत दोऱ्यांची रिळं.

ती रिळं म्हणजे तिची खूण. दुसऱ्या लाँड्र्यांतून कपड्यांना कागदी चिठ्ठ्या लावतात. "चिठ्ठी पाण्यात विरघळते, टाका विरघळत नाही," हे तिचं म्हणणं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग, आणि त्या रंगाचा एक टाका कॉलरच्या नाहीतर शिवणीच्या आत. दातांच्या डॉक्टरांचा निळा दुहेरी, कोपऱ्यावरच्या हॉटेलाचा काळा. लाल रंग मात्र तिनं कुणा गिऱ्हाइकाला दिला नव्हता. लाल फुलीचा टाका एकाच माणसाच्या कपड्यांवर असायचा. तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

भाऊ लिफ्टची दुरुस्ती करायचा. आठवडाभर लोकांना वर-खाली न्यायची यंत्रं सांभाळायचा आणि सुट्टी मिळाली की स्वतः पायांनी डोंगर चढायचा. "असल्या माणसाला काय म्हणावं?" असं ती गिऱ्हाइकांना विचारायची, आणि गिऱ्हाइकानं काही म्हणायच्या आतच त्याचं कौतुक सुरू करायची. आई गेली तेव्हा तो बोटाला धरून चालायच्या वयाचा होता. पुढं जरा मोठा झाल्यावर रागावला की घर सोडून टेकडीवर पळायचा. ती पायथ्याशी उभी राहून ओरडायची, तो यायचा. तिला स्थळं आली नाहीत असं नाही. आली, चहा पिऊन गेली. "आधी याचं होऊ दे," म्हणता म्हणता याचंच झालं, आणि तिचं राहिलं ते राहिलं.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगराची रानं होती. त्या रानांतून वर्षातून एकदा मोठी धाव असे. पत्रकावर तिचं नाव अल्ट्रामॅरेथॉन. इस्त्रीताई म्हणायची, "अल्ट्रा कसली, उलट्या म्हणा. निम्मे तेच करत येतात." पहाटे लाकडाच्या वखारीतून सुटायचं, रानातून तीन डोंगर चढायचे-उतरायचे आणि फिरून वखारीतच यायचं. दमदार माणूस तिन्हीसांजेला पोचतो, बाकीचे कपाळाला दिवा बांधून मागून येत राहतात. निम्म्या वाटेवर वनरक्षकांची चौकी लागते. चौकीच्या मागून जो चढ सुरू होतो त्याला धावणारे 'सासू' म्हणतात. तिला खूश करणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

नियम असा, की चौकीवर प्रत्येक धावणाऱ्याचा एकच मदतनीस दोरीच्या आत येऊ शकतो. त्याच्या दंडाला नारंगी पट्टी. भाऊ धावायला लागला तेव्हापासून ती पट्टी इस्त्रीताईच्या दंडाला. ती आदल्या दिवशी त्याचे लोकरी मोजे वाफेच्या पाइपावर टाकायची, सकाळी टॉवेलात गुंडाळायची आणि चौकीवर धुक्यात उभी असताना स्वेटरच्या आत पोटाशी धरून ठेवायची. भावाला ओल्या पायांत कोमट मोजे मिळायचे. टाचा तिनं इतक्या वेळा नव्यानं विणल्या होत्या की मूळ मोजा किती आणि तिची लोकर किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आणि दरवर्षी चौकीवर एक गोष्ट घडायची. तिचा अर्थ त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. भाऊ यायचा, बाकावर बसायचा, मोजे बदलायचा आणि म्हणायचा, "बस झालं, ताई. थांबतो मी." मग ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "ऊठ! बसायला घर आहे!" भाऊ उठायचा आणि सासू चढायला लागायचा. दरवर्षी तो थांबतो म्हणायचा, दरवर्षी ती ओरडायची, दरवर्षी तो उठायचा.

मग भावाचं लग्न झालं.

भावजय चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट चढवायची आणि भिंगं बदलत हळू आवाजात विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" दिवसभर हाच प्रश्न विचारून तिचा आवाजच तसा झाला होता. घरातसुद्धा विचारायची. मीठ आता बरं आहे, की आधीचं बरं होतं? खिडकी उघडी बरी, की मिटलेली बरी? इस्त्रीताईला वाटायचं, हिला एकदा मशिनमध्ये घालून पिळून काढावं म्हणजे एक सरळ वाक्य बाहेर पडेल. पण भावाला तो प्रश्न आवडायचा. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी विचारत होतं. ताईनं विचारलं कधी? ताईनं सांगितलं.

धावेच्या महिनाभर आधी जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, यंदा पट्टी हिला देतोय. तू दरवर्षी थंडीत उभी राहतेस. गुडघे दुखतात तुझे."

"माझ्या गुडघ्यांनी तुझ्याकडं तक्रार केली?"

"तसं नाही गं..."

"मग माझे गुडघे माझ्याशी बोलतील. तू जेव."

भावजय ताटातली भाकरी मोडता मोडता थांबली. "वन्सं, तुम्ही मला फक्त सांगा काय काय करायचं ते. मी अगदी तसंच करेन."

"काही नाही गं. उभं राहायचं आणि द्यायचं," इस्त्रीताई म्हणाली आणि उठून ताट धुवायला गेली. नळ इतका मोठा सोडला की पाणी ओट्यावरून उडून तिच्याच अंगावर आलं.

पुढं तिनं भावजयीला सगळं सांगितलं. बटाटे मिठात उकड, साल काढू नकोस. पाण्यात साखर किती, मीठ किती. तो येताना डाव्या पायावर भार देतो, तर घाबरू नकोस, सवय आहे. सगळं सांगितलं, एक सोडून. तो बसेल आणि थांबतो म्हणेल, तेव्हा काय करायचं, हे तिनं सांगितलं नाही. जीभ दोनदा तिथपर्यंत गेली आणि दोनदा परत आली. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण हा एक तीळ तिनं दाढेखाली नीट धरून ठेवला. बघू दे हिला भिंगं बदलून. आता बरं, की आधीचं बरं!

पण घरी बसून बघता कसं येणार? तेव्हा ती धाव भरवणाऱ्या ड्रिलमास्तरांकडं गेली. हे शाळेतून निवृत्त झालेले, पण गळ्यातली शिट्टीची दोरी अजून निवृत्त झाली नव्हती. ती म्हणाली, "चौकीवर सूप वाटायला माणूस हवा असेल ना?"

"हवाय की! पण एक सांगतो बाई, अ‍ॅप्रन घातलेल्या माणसाला सगळे सारखे. स्वतःच्या माणसाचे लाड चालणार नाहीत."

"माझा कोण माणूस?" ती म्हणाली. "मी आपली टोपाशी."

धावेच्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की झाडांचे बुंधेच तेवढे दिसावेत आणि वर काहीच नसावं. चौकीच्या आवारात ओल्या पाल्याचा आणि लाकडाच्या धुराचा वास. नेच्यांच्या पानांवरून पाणी टिपटिप गळत होतं. इस्त्रीताई पातेल्याएवढा डाव घेऊन टोपाशी उभी राहिली. अ‍ॅप्रनच्या आत, स्वेटरखाली, पोटाशी मोजे. का आणले, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी हात आपोआप पाइपाकडं गेले, एवढंच.

दोरीच्या आत भावजय. घडीची खुर्ची, खुर्चीवर घोंगडी, शेजारी डबे ओळीनं. दंडाला नारंगी पट्टी, पण सैल. सारखी कोपरापर्यंत घसरायची आणि ती सारखी वर ओढायची. एक टाका घातला असता तर बसली असती. इस्त्रीताईच्या खिशात सुई-दोरा होता. तो तिथंच राहिला.

पुढचे धावणारे आले, सूप पिऊन गेले. मग भाऊ आला. पायांना मांडीपर्यंत चिखल, ओठ पांढरे. इस्त्रीताईनं डाव टोपात बुडवून तसाच धरला. तो आता इकडं बघेल. टोपाकडं तरी बघेल. तो सरळ खुर्चीकडं गेला.

भावजयीनं त्याचे बूट सोडले, पाय पुसले आणि पिशवीतून मोजे काढले. नवेकोरे, खेळाच्या दुकानातले, जांभळे आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ. भावानं ते पायांत चढवले आणि बोटं हलवून बघितली. त्याच्या चेहऱ्यावर जे सुख आलं ते बघून इस्त्रीताईच्या पोटाशी धरलेले मोजे एकदम इस्त्रीसारखे तापले.

"बस झालं," भाऊ म्हणाला. "थांबतो मी."

इस्त्रीताईनं डाव टोपाच्या काठाला टेकवला. आता बघू.

भावजय त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाली, "आता बरं वाटतंय, की धावताना बरं वाटत होतं?"

भावानं जरा विचार केला. "आता."

"मग थांब की."

आणि तो थांबला! रेलून बसला, घोंगडी गळ्यापर्यंत ओढली, बटाटा तोंडात टाकला. भावजय काहीतरी म्हणाली आणि तो हसला. तोंडात बटाटा असताना हसला. तिचा जन्म गेला त्याला सांगण्यात, की तोंडात घास असताना हसू नये.

इस्त्रीताईला वाटत आलं होतं, की भावजय फजीत होईल, गोंधळेल, टोपाकडं धावत येईल आणि 'वन्सं, आता काय करू?' म्हणेल. मग आपण सावकाश अ‍ॅप्रन सोडायचा. इथं तर कुणाची फजितीच झाली नव्हती. झालीच असेल तर टोपापाशी उभ्या असलेल्या बाईची. इतकी वर्षं तो मोजे बदलायचा आणि उठायचा. तिच्याजवळ तो असा रेलून बसला होता कधी? आठवून बघितलं. आठवेना. तिनंच बसू दिलं नव्हतं.

शेवटी भावाचं लक्ष गेलं. घोंगडीतून हात काढून त्याने हलवला. "ताई! सूप दे की!"

"रांगेत ये."

"अगं, रांगच नाहीये."

"मग रांग होईपर्यंत थांब. थांबायचंच आहे ना तुला?"

एवढ्यात धुक्यातून शीळ ऐकू आली. बारीक, दम लागलेली, श्वासाबरोबर आत एक, बाहेर एक. भावाचं तोंड चावता चावता थांबलं.

ती शीळ पोस्टमनची होती. चढावर त्याचं नाक वाजायचं, म्हणून धावणाऱ्यांत त्याचं नाव शिट्टी. वयानं भावापेक्षा बराच मोठा, काटकुळा, बायको वारलेली, चौकीवर कधी कुणी यायचं नाही. आयुष्यभर घरोघर चाललेला माणूस. तो डोंगरातही तसाच चालल्यासारखा धावायचा, आणि नेमका भावाच्या मागं. भाऊ घरी येऊन म्हणायचा, "रानभर ती शीळ पाठीशी असते, ताई. कानात बोटं घालून धावावंसं वाटतं." अजून एकदाही शिट्टीनं त्याला गाठलं नव्हतं. भावाला चौकीपुढं पळवण्यात जेवढा हात ताईचा, तेवढाच त्या नाकाचा.

शिट्टी आला आणि बाकावर कोसळलाच. बूट काढले. मोजे टाचेशी फाटून रक्तानं चिकटलेले. त्याने ते बघितले आणि टोपाकडं बघून कसनुसं हसला. "बाई, आपला कारभार आटोपला. पाकीट परत. पत्ता सापडला नाही."

इस्त्रीताईनं डाव खाली ठेवला. ड्रिलमास्तरांनी सांगितलंच होतं, अ‍ॅप्रनवाल्याला सगळे सारखे. तिनं स्वेटरखाली हात घातला आणि मोजे काढले. गुडघे कुरकुरले तरी खाली बसली, शिट्टीच्या टाचा कोमट पाण्यानं पुसल्या, चिकटपट्टी लावली आणि लोकरी मोजे एकेक करून चढवले. काठ दुमडला तो असा, की आतली लाल फुली बाहेर यावी.

"अहो, हे गरम आहेत!" शिट्टी दचकला.

"मग? बर्फात ठेवून देऊ?"

"पण बाई, मी थांबतोय..."

ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवले. सकाळपासून, नव्हे महिनाभर दाढेखाली धरलेला तीळ तोंडातून सुटला, आणि झाडांवरचं पाणी खाली पडावं असा आवाज निघाला.

"ऊठ! बसायला घर आहे!"

शिट्टी उठला. बूट त्याने उभ्यानंच घातले. "होय बाई," म्हणाला, आणि आत एक, बाहेर एक अशी शीळ वाजवत चौकीमागच्या धुक्यात गेला.

खुर्चीतून घोंगडी खाली पडली होती. भाऊ उभा.

"ताई, ते मोजे?"

"कुठले मोजे?"

"लाल टाक्याचे."

"लाँड्रीत मोजे पुष्कळ असतात."

"लाल माझा आहे!"

"तुझे जांभळे आहेत की. छान आहेत. मऊ दिसतात. बस तू, पाय गार पडतील."

भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा बाप्या माणूस, पण त्या क्षणी त्याचा खालचा ओठ टेकडीवर पळून जाणाऱ्या पोरासारखा झाला होता. "आणि ते वाक्य? ते पण दिलंस त्याला?"

"तुझ्या उपयोगाचं नव्हतं. म्हटलं वाया कशाला घालवा?"

धुक्यात वरून शीळ आली. पहिल्यांदाच ती त्याच्या मागं नव्हती, पुढं होती. भावानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा ताईकडं. "आलोच," म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही. बुटाच्या नाड्या लोंबकळत होत्या, तसाच सासूच्या अंगावर धावून गेला.

दोघी राहिल्या. रिकामी खुर्ची, उलटलेला डबा. भावजयीनं घोंगडी उचलून झटकली. पट्टी परत घसरली.

"वन्सं, मुद्दाम दिलेत ना?"

"गरजवंताला दिले. अ‍ॅप्रनला सगळे सारखे."

"हं." भावजयीनं घोंगडीची घडी घातली, ती मनासारखी झाली नाही म्हणून परत घातली. मग तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "मी मघापासून मनाशी घोकत होते, की माझ्याजवळ तो बसला. तुम्हाला कधी जमलं नाही ते मला जमलं. खरंच, अगदी असंच म्हणत होते मनात. आणि तुम्ही एकदा ओरडलात. ते पण त्याला नाही, दुसऱ्याला. तर हा चालला." तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "थांबतो म्हणाला की ओरडायचं असतं, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत."

"नाही सांगितलं," इस्त्रीताई म्हणाली.

"का?"

"तू का सांगितलं नाहीस मला, की त्याला विचारलं तर तो बसतो?"

इस्त्रीताईनं खिशातून सुई काढली. दोरा ओवलेलाच होता. "इकडं आण तो दंड. केव्हाची बघतेय, घसरतेय नुसती." पट्टीवर तिनं दोन टाके घातले. जरा जास्तच घट्ट घातले.

तिन्हीसांजेला वखारीत आधी शीळ पोचली, मग भाऊ. अंतर थोडकं, पण शीळ पुढं. शिट्टीनं त्याला हात दिला. भावानं तो घेतला, पण नजर हाताकडं नव्हती, खाली पायांकडं होती. घरी जाताना भाऊ वाटभर बोटं उचलून चालत होता. जांभळ्या मोज्यांनी बोटांना फोड आले होते, पण बायको शेजारी होती म्हणून ते बोलता येईना. इस्त्रीताईला ते चालण्यावरून कळलं. तिनं विचारलं नाही. विचारणारी होती की आता घरात.

पुढच्या आठवड्यात शिट्टी टपालाची पिशवी खांद्याला लावून लाँड्रीत आला आणि टेबलावर एक पुडी ठेवली. "तुमचे मोजे. धुऊन आणलेत. स्वतः धुतलेत हो, चांगले उकळत्या पाण्यात."

तिनं पुडी उघडली. लोकर आटून, घट्ट होऊन, बाहुलीच्या पायात जातील असे दोन मोजे. लाल फुली मात्र जशीच्या तशी, मोज्यापेक्षा मोठी दिसत होती.

"उकळत्या पाण्यात?" ती म्हणाली. "लोकर? अहो, तुम्ही पोस्टमन आहात की स्वयंपाकी?"

शिट्टीचा चेहरा पडला. "म्हटलं, स्वच्छ निघतील."

मागचं मशिन थरथरत पुढं आलं. तिनं कमरेनं त्याला मागं ढकललं आणि तिकडं तोंड असतानाच हसून घेतलं. "हेच मोजे घालून फिरा वर्षभर, म्हणजे अक्कल येईल. पाय पुढं करा. माप द्या."

त्यानंतर तिच्या खणात लोकरीचे दोन गुंडे दिसायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती विणायची. एकदा भावजय दुकानातून परत जाताना डोकावली. नारंगी पट्टी पर्समध्ये होती. ती काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "वन्सं, पुढच्या वर्षी तुम्हीच बांधा."

"राहू दे तुझ्याकडंच. मी शिवलीय ती तुझ्या मापानं." इस्त्रीताईनं सुया थांबवल्या नाहीत. "मला टोपाचं काम मानवलंय. तिथनं सगळं दिसतं."

पुढं एका संध्याकाळी भाऊ कामावरून थेट लाँड्रीत, अंगावरचं ग्रीस पुसत आला. टेबलावर मोज्यांच्या दोन जोड्या वाळत होत्या. एक त्याच्या मापाची. दुसरी लांबट, काटकुळ्या पायाची. त्याने आपली जोडी उलटी करून बघितली. लाल फुली होती. मग दुसरीकडं हात नेला.

"हे कुणाचे?"

तिनं त्याच्या बोटांवर हलकेच चापट मारली. "गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं."

"कुठला रंग घातलायस ते तरी बघू दे."

"बघायचा असला तर वेळेवर चौकीला ये," ती म्हणाली आणि मोज्याचा काठ आतल्या बाजूला दुमडून टाकला.

भावानं आपली उलटी केलेली जोडी परत सुलटी केली. मग पाय आपटत रस्त्यावर गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे टेकडीवर धावायला लागला. घरात कुणी त्याला ऊठ म्हटलं नव्हतं.